हजार खोटे दिवस

त्या वर्षी मावशीने पहिल्यांदाच एकटीने झेंडू लावला होता. काका गेल्यापासून तिचा धाकटा दीर मागे लागला होता, "वहिनी, जमीन मला कसायला द्या, तुम्हाला नाय झेपायचं." दसऱ्याचं पीक हातचं गेलं तर देते, असं ती बोलून बसली होती. तिची दोन वावरं, एक मखमलाबादला, दुसरं गिरणारे रस्त्याला. फुलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोडायची की दोन दिवस आधीच, एवढाच प्रश्न होता. आधी तोडली तर जराशी कोमेजतात, झाडावर भिजली तर सडतात.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे शहाणपणा करायची खाज होतीच. इंदिरानगरच्या घरात बसून नकाशाचे चौकोन पाडले, पावसाच्या जुन्या नोंदी घातल्या आणि त्या आदल्या दिवसासारखे हजार खोटे दिवस कॉम्प्युटरकडून तयार करून घेतले. किती दिवसांत कुठे पाऊस पडला ते मोजलं की शक्यता मिळते. एक वावर भिजणं चारांत एकदा. दोन्ही एकदम भिजणं सोळांत एकदा.

"आदल्या दिवशीच तोड. एक तरी वावर वाचेलच," मी ऐटीत सांगितलं.

मावशीने लॅपटॉपवर त्यातले पाच-सहा दिवस पाहिले. भिजलेल्या चौकोनांचे ठिपके नकाशाभर विखुरले होते. "असा कुठं पडतो पाऊस? तिखट भुरभुरल्यावानी? पेठच्या डोंगराकून आला की वाटंतलं समदं भिजवीत येतो. माझी दोन्ही वावरं त्याच्याच वाटंवर हायेत."

मी खजील झाले. प्रत्येक चौकोनासाठी मी वेगळा फासा टाकला होता. चौकोनाला शेजार असतो, हेच विसरले होते. वर्गात ही चूक केली म्हणून मी मुलांना झापते! मग एक चौकोन भिजला की शेजारचाही भिजायची शक्यता वाढते, असं शेजाऱ्याला शेजारी बांधून सगळं नव्याने मांडलं. आता विखुरलेले ठिपके गेले आणि पाऊस पेठकडून सरकत येताना दिसला. कधीच न उगवलेले हजार दिवस, आणि एकेक खराखुरा वाटणारा. दोन्ही वावरं एकदम भिजणं आता पाचांत एकदा होतं.

"पाचांत एक म्हंजे लय झालं," मावशी म्हणाली.

दोन दिवस आधीच तिने बायका लावून सगळं तोडलं आणि फुलं पडवीत पसरली. "एवढं ऊन पडलंय अन् तोडताय?" दीर बांधावरून हसला.

आदल्या दिवशी दुपारी पाऊस आला, पेठकडून, त्याच वाटेने. मी पडवीतच होते. माझ्या हजारांतला हा कितवा, असा वेडा विचार मनात आला. मावशी शांतपणे फुलं वरखाली करत होती. मी लॅपटॉपवर मांडलेली ती वाट तिच्या डोक्यात कित्येक वर्षं होती.

दसऱ्याला सकाळीच दीर दारात आला. ट्रॅक्टरला हार घालायचा होता आणि त्याचा झेंडू वावरातच काळा पडला होता. मावशीने भरलेली टोपली पुढे सरकवली.

"न्या भाऊजी. पुढच्या सालीबी इथूनच न्या."