राहिलेली एक ओळ
मिरची कांडणाऱ्या डंकाचा वास आला की ठसका लागायच्या आधी मला ती आठवते. आमचं ऑफिस डंकाच्या वरच्या मजल्यावर होतं, आणि उन्हाळाभर आम्ही शिंकत शिंकत कर्नलचे, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमचे, ड्रायव्हर लिहायचो. ती गारगोटीहून रोज एसटीनं यायची, माझ्या हाताखाली होती. एका सर्किट बोर्डासाठी आम्ही दोघांनी एकेक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, केला. तिचा आधी बसल्याशिवाय माझा चालणार नव्हता, आणि दोन्ही बदल तपासून आत घेणाऱ्या परदेशातल्या वेगवेगळ्या मेंटेनरांकडे जायचे होते. ‘आधी तो घ्या, मग हा’ एवढी ओळ मी माझ्या मेलमध्ये लिहायची होती. विसरलो. माझाच आधी घेतला गेला, सगळ्यांचा बिल्ड मोडला, कुणाकडंच कोड तयार होईना, आणि साऱ्या जगाला दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर मेंटेनरनं जाब विचारला. तिचा पॅच चार दिवस आधीच गेलेला असताना मी तिचं नाव घालून लिहिलं, की चूक तिची आहे. शेजारच्या खुर्चीत तिनं ते वाचलं. “सर, ती ओळ तुमी लिवणार हुता न्हवं?” मी म्हणालो, “तुला तिथं कोण वळखतंय? माझं नाव हाय तिथं.” तिनं डोळे पुसले. मी ते मिरचीवर ढकललं. पुढं दुसरीकडच्या मुलाखतीत तिच्यासमोर तोच मेल ठेवला, तेव्हा तिचा फोन आला. “सर, आता तरी तिथं एक ओळ लिवा की, चूक माजी न्हवती म्हणून.” बघतो म्हणालो. परवा डंकापाशी थांबून मोबाईलवर तिचं नाव टाकलं. सगळ्यात वर माझाच मेल निघाला. त्याच्याखाली ती ओळ अजून नाही.