झोप खाणाऱ्या राक्षसाचा शेवट

महायुद्धात कागद मिळेनासा झाला आणि मुलांच्या ज्या मासिकात मी लिहीत असे, ते निम्म्या पानांचं झालं. माझ्या गोष्टी कोवळ्या योद्ध्यांच्या असत. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, उडते घोडे, बोलत्या तलवारी. नवरा गेल्यावर शिवणकाम आणि या गोष्टी यांवरच माझं घर चाले. त्यामुळे दर महिन्याला एखादा राक्षस मारावाच लागे. मारून मारून मी थकले होते.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट दोन अंकांत तोडावी लागली. राक्षसाने साऱ्या गावाची झोप खाल्लेली, कुणाचा डोळा म्हणून लागत नाही, तेव्हा एक मुलगी तलवार घेऊन डोंगर चढते. ती गुहेच्या तोंडाशी पोचली आणि पानं संपली.

शेजारच्या घरातल्या मुलीने तो अंक वाचला. तिचं लग्न ठरलेलं होतं. सासर कळमेश्वरचं, शेतीवाडीचं. तिथे मासिक येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक.

"मावशी, ते मरते का जगते तेवढं मले जायच्या आधी सांगा," ती येता-जाता म्हणायची.

"अजून ठरलं नाही."

खरंच ठरलं नव्हतं. संपादकांना बलिदान आवडे. मुलगी मेली की वाचकांची पत्रं येतात, असं ते म्हणत. मलाही तेच सोपं वाटत होतं. मेलेल्या माणसाचं पुढे काही लिहावं लागत नाही.

तेवढ्यात तिला हळद लागली. आता तिला उंबरा ओलांडायचा नव्हता आणि मी विधवा, म्हणून मला तिच्यासमोर जायचं नव्हतं. वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता, रीतच तशी होती. पण दुसऱ्या दिवशी लग्न लागून ती जाणार होती.

दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. दोन्ही घरांच्या अंगणांमध्ये डोक्याहून उंच मातीची भिंत. पलीकडून हाक आली, "मावशी, ठरलं का?"

लगेच तिची आत्या, "काहून ओरडून राहिली वं? हळदीच्या अंगानं उन्हात! अन् कोणाशी बोलून राहिली?"

"भिंतीशी. भिंतीशी बोलाले मनाई हाय का?"

माझं डोकं दुखत होतं, हातात करपलेली कढई होती. राखेने ती घासत घासतच मी सांगायला लागले. मुलीने राक्षसाच्या पोटावर वार केला. गावाची सगळी झोप भसकन बाहेर आली आणि तिच्याही अंगावर पडली. ती तिथेच आडवी झाली.

"मेली?"

हा एकच शब्द तिने असा विचारला की मी कढई खाली ठेवली.

"नाही. उठली आणि घरी आली."

"तलवार घेऊन?"

"घेऊन."

"घरचे ठेवू देतीन?"

याचा विचार मी कधी केला नव्हता. माझे योद्धे घरी पोचले की गोष्ट संपे. मी कढई पुन्हा हातात घेतली. पलीकडची बायकांची बडबड थांबली होती, म्हणजे सगळ्याच ऐकत होत्या. शेवटी आत्याच बोलली, "जवारीच्या कोठीमागं ठेव म्हना. सासू तिथं वाकत नाही, तिची कंबर धरते."

"आत्या, तुमी काय ठेवलं होतं वं तिथं?"

"चूप बस! आत चाल आधी!"

पलीकडे हशा पिकला. त्यात मुलीचंही हसू होतं.

शेवट मी तसाच लिहिला. संपादकांनी कोठीचं वाक्य कापलं. वीरकन्येला शोभत नाही म्हणाले. मी वाद घातला नाही. ज्या वाचकाला घाई होती, तिने ते वाक्य ऐकलं होतं. वरात निघाली तेव्हा रीतीप्रमाणे मी दार लावून आत बसले. गाड्या वळणापलीकडे गेल्यावर दार उघडलं आणि शिवणाला बसले.