कोळपेवस्तीचं अर्थिंग

तुमच्या वाट्याचं पाणी वाटेत कोण पितं, हे तुम्हाला कधी कळतं? रान वाळल्यावरच ना? मग त्याला कळणं म्हणायचं का?

शेळगावच्या पुढं मुरमाड माळावर कोळपेवस्ती आहे, तिला वर्षानुवर्षं हे असंच कळायचं. वस्ती कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेपटाला. पाणीपाळी सुटली की वरची गावं भिजायची, मधली भिजायची, आणि कोळपेवस्तीच्या रानात जाणाऱ्या चारीत पोचायचा तो ओला गाळ आणि कुणाची तरी वाहून आलेली एक चप्पल. मधलं गेट कुणी खाली केलं हे विचारायचं तर एसटी धरून बारामती गाठायची. तिथं पाणी वापर संस्थांच्या संघाच्या हापिसात पंखा गरगर फिरत असायचा आणि उत्तर ठरलेलं असायचं, "पाणी तर सोडलंय. यायला पायजे."

रंगूबाई कोळपे हे उत्तर इतक्या वेळा ऐकून आली होती, की एकदा तिनं तोच पंखा बंद करून कारकुनाला म्हटलं, "लाईट तर सोडलीय. वारा यायला पायजे."

तिचा सासरा हयातभर मेंढरांमागं हिंडला. नवऱ्यानं मेंढरं विकून माळावर डाळिंब लावलं. आणि डाळिंबाला पाणी आणायचं काम रंगूबाईनं कुणी न सांगता अंगावर घेतलं. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण सभांमधून झालं, तेही उभ्यानं, कारण बाईमाणसाला खुर्ची द्यावी हे तिथल्या कुणाला सुचत नसे. राग नाकाच्या शेंड्यावर. ती फाट्यावरनं चालत येताना दिसली की पाणी सोडणारा पाटकरी सायकल उलटी फिरवायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पाणी वापर संस्थांच्या संघानं सगळ्या गेटांवर वायरलेसचे सेट बसवले. गेटावरचा माणूस बटण दाबून बोलला की बाकीच्या गेटांवर ऐकू जायचं. पण सगळे एकदमच बोलायचे, नुसता बाजार उठायचा. म्हणून पुण्याच्या एका कंपनीकडून कॉम्प्युटर यायचं ठरलं. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गेटाचा सेट पडद्यावर दिसणार, कोण चालू, कोण बंद, गेट किती उघडं, कुणी कधी काय कळवलं, सगळं साठून राहणार. आता साधा हिशोब बघा. तो कॉम्प्युटर ज्याच्या दारात, त्याला अख्ख्या कालव्याची खबर आधी.

सभेत ठराव आला, कॉम्प्युटर बारामतीत बसवावा. चेअरमन बापूसाहेब हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या गावचे मोठे बागायतदार. बोलणं मऊ, साय लावल्यासारखं.

"तितं सोय हाय ना वहिनी," ते म्हणाले. "पक्की खोली, लाईट, फोन. तुमच्याकडं काय हाय?"

"आमच्याकडं पाणी न्हाय," रंगूबाई म्हणाली. "ज्याच्या रानात पाणी उभं हाय त्याला पाणी कुठवर आलं ही खबर कशाला? आमाला कळू द्या की, कुठं अडलंय ते."

"पण कंपनीला जागा नीट लागती."

"मग नीट करून दावते. काय काय लागतं ते सांगा."

कंपनीचा इंजिनिअर नागेश मागं बसला होता. पुण्याचा तरणा पोरगा, अजून खोटं बोलायला शिकला नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "खरं सांगायचं तर अँटेनाला माळच बरा. उंच आहे, आवाज सगळीकडं पोचेल. पण धूळ नसलेली बंद खोली लागेल, लाईट गेली तर बॅटरी लागेल, आणि अर्थिंग चांगलं लागेल. एवढं झालं तर माझी हरकत नाही."

टेलकडची माणसं एकदम उठून ओरडायला लागली. बापूसाहेबांनी हात वर केला आणि हसत हसत सांगितलं, मे संपायच्या आत कोळपेवस्तीची जागा तपासणीत पास झाली तर मशीन तिथं. नाही झाली तर बारामती, आणि मग कुणी तोंड उघडायचं नाही. ते हसले कारण त्यांना निकाल माहीत होता. निदान तसं वाटत होतं.

वस्तीवर लोकर सोसायटीची एक दगडी खोली होती. सोसायटी केव्हाच बुडाली, खोली राहिली. भिंती रुंद, आत गारवा. पण कोनाड्याकोनाड्यातनं लोकरीचे पुंजके निघाले, आणि नागेशनं सांगितलं होतं की असला एक पुंजका पंख्यात गेला तर मशीन गुदमरतं. रंगूबाईनं वस्ती कामाला लावली. कौलांखाली पत्रा मारला, खिडकीला जाळी बसवली, भिंतींना चुना न लावता ऑईलपेंट दिला, कारण चुन्याची भुकटी उडते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दोघांनी आणून दिल्या. अँटेनाच्या लोखंडी खांबासाठी तरण्या पोरांनी इंदापूरचा भंगारबाजार पालथा घातला.

नागेश पहिल्यांदा बघायला आला तेव्हा दारातच थबकला. बायकांनी मोठ्या हौसेनं खोली शेणानं सारवून ठेवली होती. वर रांगोळीसुद्धा.

"अहो, हे काय?"

"नवी वस्तू घरात येणार," शेजारची भामाबाई म्हणाली. "मग काय उखणलेल्या भुईवर बसवायची व्हय?"

"मावशी, हे वाळलं की याचीच धूळ होते. मशीनला शेण चालत नाही."

"देवाला चालतं," भामाबाई फणकारली, "आन् हे कोण मोठं लागून गेलं?"

पण सारवण खरवडलं. शहाबादी फरशी आली, ज्याच्या त्याच्या अंगणातनं उचकटून. रंगूबाईनं पहिली फरशी स्वतःच्या उंबऱ्यापुढची काढली, मग इतरांना नाही म्हणता येईना. रंग वेगळे, मापं वेगळी, पण खोली अशी झाली की माणसं उगाचच चपला काढून आत डोकावायला लागली.

घोडं अडलं ते अर्थिंगपाशी. वीज पडली किंवा करंट वरखाली झाला तर त्याला जमिनीत उतरून जायला वाट लागते. म्हणून खोलीमागं खड्डा खणायचा, त्यात तांब्याची प्लेट, मीठ, कोळसा, आणि तिथून खोलीपर्यंत पट्टी. पोरांनी पुरुषभर खणलं आणि पहार खणकन वाजली. खाली नुसता खडक. नागेशनं बाजूला दोन सळ्या ठोकल्या, जमीन करंटला किती अडवते ते दाखवणाऱ्या मीटरचा दांडा फिरवला आणि मान हलवली.

"आकडा पाचाच्या आत यायला पाहिजे. हे पंचवीसच्या वर आहे. जमीन कोरडी आहे हो. रोज पाणी घातलंत तर उतरेल."

पाणी! वस्तीला प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. त्यावर हंड्याहंड्यावरनं भांडणं होती. रंगूबाईनं आपल्या वाट्याचे हंडे नेऊन खड्ड्यात ओतले.

भामाबाई रस्त्यातच आडवी आली. "माणसाच्या घशाला कोरड, आन् ही बया खड्ड्याला पाजती!"

"माझ्या वाट्याचं वततीया. तुझ्या डोईवरचा हंडा उतरवला का?"

"तुझ्या घरात आज आंगुळ्या झाल्या का?"

"न्हाय झाल्या. वास येतोय का?"

"येतोय की!"

दोघींना हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून भामाबाई भांड्यांचं खरकटं पाणी खड्ड्यात आणून ओतायला लागली, शिव्या देत देत. पण खडक गटागट प्यायचा आणि पुन्हा कोरडा. मीटर पंधरावर येऊन जो बसला तो हलेना. महिना संपत आला.

अशात शेळगावच्या स्टँडवर बापूसाहेबांची जीप थांबली. इंदापूरला तहसीलीत निघाले होते. काच खाली करून म्हणाले, "वहिनी, खडकाला कवा घाम फुटतो का? कशाला जिवाचं हाल करून घेता? तुमची माणसं आपली मेंढरांमागंच शोभत्यात."

जीप गेली. रंगूबाईनं खाली वाकून धोंडा उचलला, पण तोवर नुसता धुरळा राहिला होता. तशीच दात खात माळ चढायला लागली. मेंढरं म्हणे! आमची माणसं म्हणे! अख्ख्या तालुक्याच्या रानाला ज्यांच्या मेंढरांनी खत दिलं त्यांना हा...

आणि ती बाभळीखाली एकदम उभी राहिली.

मेंढरं रानात बसवली की काय होतं? सासऱ्याबरोबर ती दहा वर्षं फिरली होती. कळप उठून गेला तरी जमीन मऊ आणि ओली राहते, चप्पल रुतते. कडेला खार फुटल्यासारखा पांढरा पापुद्रा धरतो. ओल म्हणजे ओल, खार म्हणजे मीठ. नागेश दुसरं काय मागत होता? आणि मुख्य म्हणजे मेंढरू पाणी पितं तळ्यावर आणि सोडतं बसेल तिथं. टँकर मागायची गरज नाही. टँकर स्वतःच्या पायानं माळ चढून येतो.

ती घरी गेलीच नाही. मिळाला तो ट्रक धरून इंदापूरकडं गेली. तिचा धाकटा भाऊ भिमा अजून कळप राखून होता आणि एका केळीवाल्याच्या रानात मेंढरं बसवून होता.

"आक्का, पीक कोणतं हाय?" भिमानं विचारलं.

"अर्थिंग."

"आँ? हे कवा येतं बाजारात?"

"यायचं तवा येईल. तू कळप आण."

"मालकाला शब्द दिलाय गं. पोत्यानं ज्वारी देतोय त्यो. तू काय देणार?"

"शिव्या देईन. पोत्यानं."

भिमा डोकं खाजवत केळीवाल्याकडं गेला. केळीवाला पोट धरून हसला आणि म्हणाला, "जा लेका, तुझी भैन हाय का ग्रहण? माझं रान कुठं पळतंय?"

दुसऱ्या दिवशी सांजेला कळप माळावर चढला. तीनशेच्या आसपास मेंढरं, पुढं घुंगरांचा बोकड, मागं भिमा. वस्तीतली म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. कैक वर्षांत वस्तीनं कळप बघितला नव्हता. भिमानं वाघर लावली, म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं, पण नेहमीसारखी ऐसपैस नाही. खड्ड्याभोवती आणि पट्टीच्या अंगानं दाटून. दिवसा निमगावच्या तळ्यावर नेऊन पोटभर पाजायचं. त्याआधी मीठ चाटवायचं, म्हणजे जास्त पितात, ही भिमाची अक्कल. सांजेला आणून कोंडायचं. रंगूबाई रोज सकाळी अनवाणी त्या चिखलात उभी राहून पायाच्या तळव्यानं ओल बघायची. तपासणीच्या दिवसापर्यंत खड्ड्याच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि वास असा की माशासुद्धा विचार करून बसायच्या.

तपासणीला नागेश आला, आणि निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायला बापूसाहेबही आले. पांढरंशुभ्र धोतर एका हातात, नाकाला रुमाल दुसऱ्या हातात.

"ही काय घाण लावलीय?"

"तुमीच म्हणालात ना," रंगूबाई म्हणाली, "मेंढरांमागं शोभतो म्हणून. शोभायला लागलो."

नागेशनं सळ्या ठोकल्या. दांडा फिरवायला लागला. सगळी वस्ती मीटरभोवती. मेंढरं ओरडत होती. काटा सरकला, सरकला, थांबला. नागेशनं मीटर टिचकी मारून पाहिलं. सळ्या काढून दुसरीकडं ठोकल्या आणि पुन्हा दांडा फिरवला.

"साडेचार," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "साडेचार! पास!"

"असं कसं पास?" बापूसाहेब उसळले. "मुतावर मशीन चालवायची का?"

"मीटरला वास येत नाही, बापूसाहेब," नागेश म्हणाला. "त्याला ओल लागते, ती आहे." मग रंगूबाईकडं वळून म्हणाला, "पण ताई, हे कायमचं नको. खार तांबं खाऊन टाकेल. चारीला पाणी आलं की खड्डा चांगल्या पाण्यानं धुऊन घ्या, आणि पुढं साधं पाणी घालत राहा."

"चारीला पाणी आणायलाच तर हा खटाटोप हाय," ती म्हणाली. आणि कुणी काही करायच्या आत भामाबाईनं भिमाच्या कपाळाला गुलाल फासला, मग नागेशच्या, मग घुंगरांच्या बोकडाच्या. बापूसाहेब गुलालाच्या भीतीनं जीपकडं वळले खरे, पण एक म्हातारा आडवा आला आणि पांढऱ्या धोतरावर जे व्हायचं ते झालंच.

कॉम्प्युटर आला. नागेश चार दिवस राहून सगळं जोडून गेला आणि जाताना रंगूबाईला पडद्यावरचे रंग समजावून गेला. हिरवं म्हणजे सेट चालू, तांबडं म्हणजे बंद, गेटावरच्या माणसानं कळवलं ते खाली अक्षरांत. चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं.

जूनमध्ये पावसानं ओढ दिली आणि एक पाळी सुटली. रंगूबाई लोकरीच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. होय, खुर्चीवर. पडद्यावर वरची गेटं हिरवी, मधली हिरवी, आणि दुपार कलताना एक गेट तांबडं झालं. सेट बंद म्हणजे गेटावरचा माणूस बोलायचं टाळतोय, कर्णा मात्र चालूच असतो, ऐकू त्याला येतंच. तिनं माईक ओढला आणि बटण दाबलं. ती बोलली ते हेडपासून टेलपर्यंत प्रत्येक गेटावर, प्रत्येक माणसाच्या कानात गेलं.

"सात नंबरचं गेट गप झालंय. आबा, सेट चालू करा, न्हायतर मी भाकरी बांधून तितंच येती. आन् येताना सगळी वस्ती आणती."

खरखर झाली. मग पडद्यावर सात नंबर हिरवा झाला. आणि हेडच्या सेटवरनं ओळखीचा मऊ आवाज आला, "वहिनी, बापूसाहेब बोलतोय. सातला सांगितलंय मी. गेट वर करतोय त्यो."

"व्हय का? मग नोंद राहती हितं, म्हणून बरं झालं सांगितलंत."

अख्ख्या कालव्यावर कुणीतरी मोकळं हसल्याचं ऐकू आलं. कोण ते कळलं नाही. त्याला वायरलेसचं बटण सोडायचं राहिलं होतं.

पाणी कोळपेवस्तीच्या चारीत आलं तेव्हा दिवस मावळला नव्हता. आधी फेस आला, मग काटक्या, मग पाणी, दोन्ही काठांना धरून, गढूळ आणि थंड. रंगूबाईनं त्यातली पहिली कळशी भरून अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली आणि मग डाळिंबाकडं पाण्याचं बारं वळवलं.

आता तुमचं. तुमच्याही गावात पाण्याची, दुधाची, कसली तरी संस्था असेल, आणि तिच्यात येणारी नवी सोय कुठं बसवायची हे तुम्हाला न विचारता ठरत असेल. पुढच्या सभेला जा, पुढच्या रांगेत बसा, आणि "तुमच्याकडं सोय नाही" असं कुणी म्हणालं तर मुकाट घरी येऊ नका. उभे राहा आणि काय काय लागतं ते तिथंच, सगळ्यांसमोर विचारा.