काकूंचा वायफाय दुसऱ्या नंबरावर

नवऱ्याला लांज्याच्या काजू कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही परभणीकडून थेट इथे आलो. माझं शिक्षण नववीपर्यंत. आई आजारी पडली, शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे घरबसल्या कॉम्प्युटरवरचं काम मिळालं तेव्हा ते टिकेल असं मला एकदाही वाटलं नाही. हेदवी-गुहागरकडे येणाऱ्या पाहुण्यांचे फोन घ्यायचे, खोल्या राखून ठेवायच्या. ऑफिस रत्नागिरीतल्या एका ताईंचं. फोन कॉम्प्युटरवरच यायचा, हेडफोन लावून बोलायचं.

इंटरनेट घरमालकीण काकूंचं. पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी दिला, पैशाचा विषय काढू दिला नाही. पण त्यांची वायफायची पेटी पुढे ओटीवर, माझी खोली मागे पडवीत आणि मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. माझा आवाज तुटायचा. पाहुणे "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून द्यायचे. शेवटी ताईंनी ऑफिसतर्फे केबलचं कनेक्शन दिलं. तरी आवाज तुटतच राहिला. मग ताई म्हणाल्या, उद्या दुपारी तुझा एक फोन मी स्वतः ऐकते. असंच असेल तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.

त्या रात्री मी केबल दहादा काढून परत लावली.

सकाळी ताईंनी फोनवर खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. केबल लावलेली होती, पण वायफायही चालू होता, आणि कॉम्प्युटर आपल्या मनाने वायफायवरूनच चालला होता. मग बंद कर तो वायफाय, त्या म्हणाल्या. पण काकू रोज येऊन पडद्याच्या कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह बघायच्या आणि विचारायच्या, आमचा पोचतो ना गो तुझ्यापर्यंत? इथे माझी विचारपूस करणारं तेवढं एकच दार. ते मी कसं तोडू? अडखळत ताईंना सांगितलं.

ताई म्हणाल्या, "बरं, तोडू नकोस. नुसता मागे ठेव."

त्या सांगत गेल्या, मी शोधत गेले. दोन्ही कनेक्शनच्या सेटिंगमध्ये कुठलं आधी वापरायचं ते कॉम्प्युटरने आपोआप ठरवायची खूण काढायची आणि आकडा आपण घालायचा. केबलला लहान, वायफायला मोठा. लहान आकडा असेल त्याला आधी मान. केबल कधी बंद पडली तर कॉम्प्युटर आपणहून वायफायवर जाणार. झालं. फक्त कोपऱ्यातला पंखा गेला आणि तिथे वेगळंच चित्र आलं.

थोड्या वेळाने काकू तांदळाचे घावणे घेऊन आल्याच. चष्मा सारखा करून त्यांनी कोपऱ्यात बघितलं.

"पंखा खंय गेला गो?"

मी सगळं सांगून टाकलं. यादी उघडून त्यांच्या वायफायचं नाव दाखवलं. तो आहे काकू, जोडलेलाच आहे, फक्त दुसऱ्या नंबरावर.

काकूंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे आता तू बोलताना मी मालिका लावली तर तुला त्रास नाय?"

"नाही. का हो?"

"तू बोलायला लागलीस की मी मोबाइल बंद करून बसतंय. म्हटलं, माझ्यामुळेच अडकतं हिचं. मालिकेतल्या त्या सुनेचं काय झालं ते अजून कळलं नाय मला."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी घावणा तोंडात घातला.

दुपारी फोन आला. नागपूरचं कुटुंब होतं, हेदवीला दोन खोल्या हव्या होत्या. त्याच वेळी भिंतीपलीकडे काकूंनी मालिका लावली, तीही पूर्ण आवाजात. मी घाबरून माईकला हाताचा आडोसा धरून बोलत राहिले. पाहुण्यांनी एकदाही "हॅलो, हॅलो" केलं नाही. खोल्या पक्क्या झाल्या.

लगेच ताईंचा फोन. "आवाज एकदम स्वच्छ आला. उद्यापासून सकाळचेही फोन तूच घे." आणि मग हळूच, "तुझ्या घरात कोण एवढं भांडत होतं गं?"