अंगठ्याचा चिमटा

तपासणी केंद्रात सगळे त्याला नाकोबा म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं. माणसाला पायांची इतकी शिसारी असावी आणि त्याच्या वाट्याला कामही पायांचंच यावं, ही नशिबाने केलेली थट्टाच म्हणायची.

काम तसं दिसायला स्वच्छ. रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात, ते सुई न टोचता मोजायचं. उजेडाचे दोन चिमटे, एक हाताच्या बोटाला, एक पायाच्या अंगठ्याला. उजेड कातडीत शिरतो, ठोक्याबरोबर रक्ताची लाट आली की कमीजास्त होतो आणि पडद्यावर रेघ उठते. दोन्ही रेघांमधलं अंतर जितकं कमी, तितकी लाट जोरात पळाली, म्हणजे नळ्या तितक्या ताठर. मऊ नळीतून लाट रमतगमत जाते. इथपर्यंत सगळं छान. पण अंगठ्यापर्यंत पोचायला मोजा काढावा लागतो, आणि त्या मोज्यातून काय काय बाहेर पडतं ते नाकोबालाच ठाऊक. पिवळी पडलेली नखं, त्यांच्या कडेला साचलेला काळा लगदा, बोटांच्या बेचक्यात सुटलेली ओली पांढरी साल. वर तो आंबूस वास, दुपारी डबा उघडला तरी नाकातून न जाणारा.

मग त्याने युक्ती काढली. पाय धुतलेला, नखं कापलेली असली तर चिमटा स्वतः लावायचा. नाहीतर दोन हात लांब उभं राहून सांगायचं, अंगठ्याला लावा, जरा पुढे, बस. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. लोक लावायचे वाकडातिकडा. फटीतून खोलीतला उजेड घुसायचा, अंगठ्याची रेघ पसरट यायची आणि मशीनला लाटेची सुरुवात उशिरा सापडायची. लाट उशिरा आली म्हणजे नळ्या मऊ! नाकोबाला ती घाणेरडी रेघ दिसत नव्हती असं नाही. पण ती नीट करायची तर पायाला हात लावावा लागणार. तो निकाल छापून मोकळा व्हायचा. जितका पाय घाण तितकी तब्येत ठणठणीत, असा न्याय त्या खोलीत सुरू झाला.

त्याचा थोरला भाऊ फरशा बसवायचा. सारा जन्म सिमेंटमध्ये गेलेला, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. तो तपासणीला आला तेव्हा नाकोबाने सख्ख्या भावालाही दोन हात लांबूनच सांगितलं. निकाल आला, रक्तवाहिन्या पंचविशीतल्या पोरासारख्या. भाऊ खुशीत घरी गेला.

महिन्याभराने नाकोबा भावाकडे जेवायला गेला. वाढता वाढता वहिनी बोलून गेली, की यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. भावजी, तुमच्या मशीननेच सांगितलंय म्हणतात, मग माझं कोण ऐकतंय? परवा जिन्यात भिंत धरून बसले होते. नाकोबाचा घास तोंडातच फिरू लागला. आपल्याच हातांची त्याला किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्याने भावाला केंद्रात बोलावलं. मोजा स्वतः काढला. वास भसकन नाकात शिरला. त्याने ओल्या कापसाने अंगठा पुसला, नखाखालचं सिमेंट कोरून काढलं, चिमटा बसवला आणि वर काळं फडकं टाकलं. रेघ स्वच्छ उठली. आकडा आला आणि नाकोबाचा चेहरा उतरला. नळ्या वयापेक्षा कितीतरी कडक होत्या. मागचा निकाल खोटा होता, त्याने सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत आहेत, आत्ताच चल, आणि गोळ्यांचं विचारून घे.

"मागच्या वेळी असं पुसलं नव्हतंस," भाऊ म्हणाला.

"किळस आली होती, दादा."

दादा आपल्या पायाकडे बघत राहिला. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने सावकाश मोजा चढवला.

"मी तुझा भाऊ, म्हणून मला परत बोलावलंस. बाकीच्यांचं काय?"

नाकोबाने आठवायचा प्रयत्न केला. पाय आठवले, एकूण एक, नखानखासकट. चेहरा एकाचाही आठवेना.