खाडीकडचा अर्धा वाटा

नवऱ्याने टाकल्यावर हौसा बापाच्या घरी आली ती कायमचीच. धरमतरच्या खाडीला लागून बापाचं, जगनचं, भाताचं एकच खाचर होतं, आणि तिकडचा रिवाज असा की ज्याच्या खाचरासमोर जेवढा बांध, तेवढा त्यानेच राखायचा. उधाणाचं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं भाताची आशा सोडायची. जगनची एक बाजू लुळी पडल्यापासून बांधावर चिखल घालायला हौसाच उतरे.

"हौसे, धोतर नेस गो आता!" गडी हसायचे.

"तुझं दे सोडून, नेसते," ती म्हणायची.

चौऱ्याण्णवचा पावसाळा सरला आणि जगनला घाई झाली. "माझ्या डोळ्यांदेखत जमीन तुझ्या नावावर झाली पायजे. मी गेलो की भाऊबंद तुला बांधावर उभी करायचे नाय."

पेणच्या वकिलाने सातबारा पाहिला. त्यावर जगनसोबत त्याच्या बहिणीचं, काशीबाईचंही नाव होतं. ती रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली.

"अर्धी जमीन तिची," वकील म्हणाला. "तुमची अर्धी मुलीला आजच बक्षीसपत्र करून द्या. उरलेलीसाठी बहिणीने हक्क सोडायला हवा."

"अर्धी? भीक हाय काय?" जगन उखडला. "देईल काशी लिहून. बहिणी देतातच."

हौसा नवे तांदूळ आणि सुक्या वाकट्या घेऊन एसटीने अष्टमीला गेली. काशीबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. माहेरचं माणूस पाहून म्हातारी फुलून गेली. बांधातल्या पाणी सोडायच्या उघाडीजवळ अजून चिंबोऱ्या मिळतात का, हे तिने दोनदा विचारलं. मग हौसाने अडखळत विषय काढला, तसे तिचे हात थांबले.

"म्हणजे याच्यासाठी दादाला माझी आठवण झाली."

"आत्ये, मला दुसरं काय नाय."

"मला काय हाय? हे घर सुनेचं. तू लेक, म्हणून तुला जमीन पायजे. मग मी कोणाची गो?"

हौसाने पुढ्यातले वाल ओढून सोलायला घेतले.

"मी काय कसायला येणार नाय," काशीबाई म्हणाली. "पण आई गेल्यापासून एका दिवाळीला दादाने मला न्यायला माणूस पाठवलं नाय. मला बोलवू दे. दोन दिवस ठेवून घेऊ दे. मग देते अंगठा."

जगनने ऐकलं आणि तो तडकला. "सातबाऱ्यावर नाव लावलं तवाच तिचं माहेर तुटलं!"

"बाबा, नाव तलाठ्याने लावलं."

"मग ती काढायला आली काय?"

"मी बोलावते आत्येला."

"घर अजून माझं हाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. हौसाची पुढे छाती झाली नाही. आपला अर्धा वाटाही जगनने लिहून दिला नाही. द्यायची तर सगळी, हाच त्याचा हेका. माघात तो गेला.

काशीबाई आली तेव्हा मौत उठून मसणाकडे गेली होती. हौसाने तिला राहण्याचा आग्रह केला. "आता कोणाकडे राहू?" म्हणून ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

बापाची अर्धी वारस म्हणून हौसाच्या नावावर चढली. उरलेली मोजून घ्यायला काशीबाईचा मुलगा जितेश आला. कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, त्याला शेती नको होती, गिऱ्हाईक हवं होतं. त्याने खाडीकडची बाजू घेतली. हौसा सवयीने तिथल्या बांधावर चिखल घालायला गेली, तर तो धावत आला.

"खाली उतर. आज बांध घालशील, उद्या वहिवाट सांगशील. वकिलाने मला बजावलंय."

"अरे, पाणी आलं तर दोघांचं जाईल."

"माझं मी बघून घेईन."

त्याने पाहिलं नाही. पुढच्या श्रावणातल्या उधाणाने तिथेच बांध फोडला. खारं पाणी आधी जितेशच्या वाट्यात भरलं, मग मधला बांध ओलांडून हौसाच्या लावणीवर चढलं. ती घमेलं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. गावचे गडी काठावर जमले, पण भांडणातल्या जमिनीला हात कोण लावणार? कुणी उतरलं नाही, कुणी हसलंही नाही.

भात कुजलं. हौसा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाऊ लागली. खाचरात खारफुटीची तिवरं माजली, आणि जितेशलाही गिऱ्हाईक मिळालं नाही.