राहेलचा डावा हात

आमची ड्यूटी नांदेडच्या खालच्या अंगाला, वढ्यावरच्या फरशी पुलावर लागली. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले व्हते. गंगा, म्हंजी आमची गोदावरी, काठाच्या वर, अन् वढाही वरून जोरात येऊन राहिला व्हता. ऑर्डर एकच. पुलावर कुणाला जाऊ द्यायचं न्हाई.

मी होमगार्ड. शाळा चौथीपस्तोर. जोडीला राहेल. ती मूळची देवणीकडची, आमच्याच चर्चातली. संगं पलटणनायक साहेब अन् वायरलेसवाला शिपाई.

आमच्या चर्चात नव्या वर्षाच्या उपासनेला टोपली फिरती. तिच्यात देवाच्या वचनाच्या चिठ्ठ्या असतात. ज्याला जी निघंल ते त्याचं वर्षभराचं वचन. बदलून घ्यायचं न्हाई. त्या साली राहेलनं टोपलीत डावा हात घातला. ती डावरीच व्हती. मंडळीचे वडील, म्हंजी चर्चातले पंच, खेकसले, "उजवा हात घाल, पोरी!"

"काका, दोन्ही त्यानंच केले," ती म्हणली.

चिठ्ठी निघाली. मी तुझा उजवा हात धरीन, अशा अर्थाचं वचन. बाहेर आल्यावर हसली. "बघ साराबाई, उजवा त्यानं घेतला. डावा मोकळाच ऱ्हायला. तो तुझ्या वाटणीचा."

"माझ्या वाटणीला नेहमी उरलंसुरलंच," मी म्हणलं.

चिठ्ठी तिनं खाकी शर्टाच्या खिशात ठिवली. ड्यूटीला येताना खिसा चाचपून बघायची.

त्या दिवशी सकाळपासून लोकं मागं फिरवली. शिट्ट्या मारू मारू तोंड सुकलं. जेवणाचा डबा खोलला तोच पल्याडून एक म्हातारी शेळी वढीत फरशीवर आली. पाणी पोटरीला लागलं. आमच्या काठाजवळ येता येता शेळी वाहून गेली. म्हातारी कठड्याच्या दगडाला धरून बसली.

शिपाई वायरलेसवर बोलला. "कंट्रोल, फरशीवर बाई अडकली. पाणी वाढून राहिलंय."

"बोट निघाली. थांबा."

राहेलनं बूट काढले.

"राहेल, थांब!" साहेब वरडले.

"साहेब, बोट येईस्तोर तिचा हात सुटंल."

साहेबांनी एकडाव पाण्याकडं बघितलं. मग म्हणले, "साखळी करा." शिपायानं पुलाच्या खांबाला धरलं, साहेबांनी शिपायाला, मी साहेबांना. राहेल सगळ्यात पुढं. तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात.

ती म्हातारीजवळ पोचली. उजव्या हातानं तिच्या कमरेला इळखा घातला. म्हातारी रडून राहिली व्हती, "मपली शेळी, मपली शेळी."

"आजी, शेळी पवून काठाला लागंल. तू चल."

आम्ही साखळी मागं वढली. काठ जवळ आल्यावर राहेलनं म्हातारीला पुढं ढकललं. म्हातारी माझ्या पायाला बिलगली. तेवढ्यात लाकडाचा ओंडका आला, राहेलच्या गुडघ्याला लागला. ती आडवी झाली. मी धरून व्हते. हात वला व्हता, चिखलाचा. बोटं सरकली. ती माझ्याकडं बघून राहिली व्हती. 

साहेब इचारत व्हते, "हाय का? हाय का?" माझी मूठ मिटलेलीच व्हती. आत कायी नव्हतं.

"कंट्रोल," शिपाई म्हणला, "बाई निघाली. आपली एक गेली."

पुढं खालच्या अंगाला राहेल बाभळीच्या झाडात अडकलेली घावली. खिशातल्या चिठ्ठीचा लगदा झाला व्हता.

तिची आई मार्थाबाई दारात बसली व्हती. मी खाली बसले. तिनं एकच इचारलं.

"कोणता हात व्हता तुझ्याकडं?"

"डावा."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणली, "मग उजवा त्याच्याकडं असंल." अन् मला पाणी द्यायला उठली.

पुढच्या परेडला हजेरीत साहेबांनी राहेलचं नाव घेतलं. पलटण म्हणली, "हजर." 

लोकं इचारतात, मग वचन खोटं पडलं का? मला ठावं न्हाई. माणसाचा हात, माझा, तो सुटला. त्याचा सुटला का, ते मी बघितलं न्हाई.

आता ड्यूटी संपली. गुडघे गेले. नव्या वर्षाची टोपली अजून फिरती. मी उजव्या हातानं माझी चिठ्ठी काढते. मग डावा हात घालते, राहेलची काढते. ते खेकसणारे वडील आता टोपली धरून उभे असतात.  टोपली जराशी खाली करतात.